गोळ्यांच्या पाकिटांची गोधडी

पुसेगावहून मुरमाच्या वाटेनं दोन-अडीच किलोमीटर आत गेलं की भावसिंग नाईक तांडा लागतो. तिथं नेमसिंग आडेचं घर कोणतं, असं कुणालाही विचारा. शेंबडं पोरही हात करून दाखवील, कारण त्याची शाळेची चड्डी नेमसिंगनंच शिवलेली असते. बंजाऱ्याच्या घरात शिंपी कसा काय निपजला, असं बाहेरचे लोक नवलानं विचारतात. नवल काही नाही, नेमसिंगला ऊन सोसत नव्हतं. बापानं वखरावर धाडलं की तासाभरात ह्याचं डोकं ठणकायला लागायचं. शेवटी बाप वैतागला, एक गोऱ्हा विकून शिवणाचं मशीन घेऊन आला आणि म्हणाला, "घे, आता बस जन्मभर सावलीत." नेमसिंग बसला.

मशीन दाराशी मांडलं, कारण घरात उजेड तेवढाच. नेमसिंगचं तोंड दाराकडं, पाठ घराकडं. चाळीस वर्षं तो असाच बसत आला. ही बसायची तऱ्हा ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

माणूस म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारणं नाही. एवढ्यावर आपल्याकडं नवऱ्याला देवमाणूस म्हणायची पद्धत आहे, आणि तांड्यातही तसंच म्हणत. नीलाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं मत कुणी विचारलं नाही. ती लोकांच्या शेतात निंदायला जायची, सरपण आणायची, आणि घरी आली की नवऱ्यानं शिवलेल्या कपड्यांची काज-बटणं करायची. एकच मुलगी, मिना. ती लग्न होऊन कनेरगाव नाक्याला गेली, तिच्या नवऱ्याचा तिथं ढाबा आहे. त्यानंतर घरात उरले तिघं: नेमसिंग, नीलाबाई आणि याडी.

याडी म्हणजे आई. नेमसिंगच्या आईला सगळा तांडाच याडी म्हणायचा. घरात ही माणसं त्यांच्या गोरमाटीत बोलतात. मी ते तिकडच्या मराठीत सांगतो आहे, तेवढं चालवून घ्या. तर ही याडी सत्तरी ओलांडली तरी फेटिया-कांचळीच घालायची, म्हणजे मोठ्या घेराचा घागरा आणि आरशांनी भरलेली चोळी. साडी नेसलेल्या सुनांना ती उघड्या समजायची. ती उन्हातून चालत आली की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचत यायचे, आणि पोरं ते धरायला धावायची. बारा वर्षांपूर्वी न्हाणीत तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. त्यातून उठते न उठते तोच लकवा मारून गेला. याडी खाटेवर पडली ती सात वर्षं.

त्या सात वर्षांत नीलाबाई माहेरच्या एकाही लग्नाला गेली नाही. दर दोन-तीन तासांनी म्हातारीची कड बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, खालचं ओलं काढून कोरडं घालायचं. तोंड वाकडं झालं होतं, सरळ चमच्यानं भरवलं की पेज बाहेर यायची. नीलाबाईनं एका चमच्याची मान दगडावर ठेवून वाकवली, मग गालाच्या बाजूनं पेज आत जायला लागली. जुन्या सुती लुगड्यांच्या तिनं पातळ गोधड्या शिवल्या. त्या धुऊन धुऊन इतक्या मऊ केल्या की हातात धरल्या तरी कळू नयेत.

आणि नेमसिंग? नेमसिंग दाराशी शिवत होता. आईचं अंग पुसणं हे सुनेचं काम, ह्यात त्याला कधी शंका आली नाही. मागं काय चाललंय ते त्याला नुसतं ऐकू यायचं. खाट करकरली म्हणजे कड बदलली, डबा वाजला म्हणजे पावडर झाली. याडी कण्हायला लागली की तो मशीन जोरात चालवायचा.

एकदा मात्र तो वळला होता. मागून सारखा दोरा तुटल्याचा आवाज यायला लागला. शिंप्याच्या कानाला तो आवाज सहन होत नाही. वळून बघतो तर नीलाबाई याडीच्या कांचळीवरचे आरसे एकेक करून उसवून काढत होती. तिच्या पुढ्यात आरशांचा ढीग पडला होता आणि खाटेवर याडी एका डोळ्यानं रडत होती.

"चांगल्या कांचळीची नासाडी केली की," नेमसिंग म्हणाला.

"आरसे बघायला असतेत, निजायला न्हाई," नीलाबाई मान वर न करता म्हणाली. "पाठीला रुतून फोड आले तिच्या. तुमी पाह्यलं का?"

त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं नाही. परत दाराकडं तोंड केलं. पण त्या दिवशी दोन वेळा मशीनची सुई मोडली, हे त्याला अजून आठवतं.

पुढं याडी गेली. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, म्हणून खाटेवरचं सगळं गुंडाळून तांड्याबाहेर नेऊन टाकलं. लोक आले, नेमसिंगला म्हणाले, तू आईची मोठी सेवा केली. नेमसिंगनं हात जोडले. नीलाबाई आत चहा करत होती.

असं वाटलं होतं की आता तरी बाई मोकळी झाली. पण दोन वर्षं गेली असतील नसतील, तिचं काहीतरी बिघडायला लागलं. चहात मीठ पडायचं. सरपणाला जाऊन मोकळ्या हातानं परत यायची. एकदा पुसेगावच्या बाजारात ती तीन तास एकाच जागी उभी राहिली, कारण घर कोणत्या बाजूला ते आठवेना. हिंगोलीच्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं, नांदेडच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले. हा विसरण्याचा आजार आहे, म्हणाले. गोळ्यांनी थांबणार नाही, फक्त जरा हळू होईल.

"आन मानसं किती दिवस वळखील?" नेमसिंगनं विचारलं.

"ते सांगता येत नाही, काका," डॉक्टर म्हणाले. खरं तेच बोलले, त्यांना दोष कसला द्यायचा!

येताना एसटीत नीलाबाई त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं. नेमसिंग अवघडून बसला, पण हलला नाही. आणि औंढ्याच्या अलीकडं कुठंतरी त्याच्या ध्यानात आलं, की आपण हिला उभ्या आयुष्यात एकदाही बरं म्हटलेलं नाही. ते सात वर्षांचं करणं आपण ऐकलं, पण बघितलं नाही. आता हिला सांगायचं तर लवकर सांगावं लागणार, कारण ऐकून घेणारीच चालली आहे.

मग सुरू झाली त्याची शिकवणी. जन्मभर ब्लाउज शिवलेला हा माणूस, पण दुसऱ्याच्या अंगात ब्लाउज घालायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी बाही चढवताना नीलाबाईचा हात पिरगळला आणि ती कळवळून ओरडली. तेव्हा त्यानं तिचे सगळे ब्लाउज उसवून पुढून बंदाचे केले. भाकरी त्याला जमेना, भात जमला. ती दार उघडून शेताच्या वाटेला लागायची म्हणून दाराच्या कडीला बैलाच्या गळ्यातलं जुनं घुंगरू बांधलं. आणि चाळीस वर्षांनी मशीन फिरवलं. आता त्याचं तोंड घराकडं, पाठ दाराकडं. स्वतःचीच सावली कापडावर पडायची, शिवण वाकडी जायची, गिऱ्हाईकं कुरकुरायची. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, "नेमसिंगभाऊ, म्हातारे झाले तुमी." नेमसिंग म्हणाला, "व्हय."

नीलाबाईला सकाळी जरा बरं असायचं. सकाळी ती त्याला "मिनाचे बा" म्हणून हाक मारायची, म्हणजे ओळख आहे असं समजायचं. दुपार कलली की तो तिच्या लेखी कुणी परका होई. ती पदर सावरून बोलायची, त्याला "भाऊ" म्हणायची. स्वतःच्या बायकोनं भाऊ म्हणावं, ह्यापरतं दुसरं काय व्हायचं राहिलं? आणि दिवसभर तिच्या तोंडी एकच असायचं.

"माहं काम राहिलं."

"कोनतं काम?"

"आठवून न्हाई राहिलं. पर राहिलं. मोठं काम राहिलं."

नेमसिंगनं तिच्यापुढं गहू ठेवले, तिनं निवडून दिले आणि म्हणाली, हे नाही. शेंगा फोडायला दिल्या. हेही नाही. अंगणात शेण कालवून दिलं. ती उभी राहून कोपऱ्यातल्या खाटेकडं बघायची, जवळ जायची, परत फिरायची. काय राहिलं असेल, ह्याचा शोध त्याला लागेना, आणि तिला तर सांगताच येत नव्हतं.

एकदा धीर करून त्यानं सांगून बघितलं. सकाळची वेळ होती, ती चहा पीत होती. तो खाकरला, म्हणाला, "नीला, तू याडीचं लई केलंस."

नीलाबाईनं मागं वळून बघितलं, दारात कुणी उभं आहे का ते. मग म्हणाली, "कुनाला म्हनून राहिले?"

नेमसिंगला आधीच बोलता येत नव्हतं. जे चार शब्द जुळवून आणले होते, ते दाराबाहेरच्या कुणाला तरी जाऊन लागले. बोलणं आपल्या हातचं नाही, हे त्याला कळून चुकलं.

दिवाळीच्या आधी माळा झाडताना त्याला एक सिमेंटची गोणी सापडली. तोंड सुतळीनं बांधलेलं. सोडून बघतो तर आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, सात वर्षांची. नीलाबाईला वाचता येत नव्हतं. गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट घेऊन ती पुसेगावच्या मेडिकलवर जायची आणि काउंटरवर ठेवून म्हणायची, हेच द्या. डॉक्टर कधी जुनी गोळी परत लिहून देतील ह्याचा नेम नसे, म्हणून एकही पाकीट तिनं टाकलं नाही. कोणतं कशाचं, ते दोऱ्याच्या रंगावरून ओळखायची. लाल दोऱ्याचा गठ्ठा तापाचा, काळ्या दोऱ्याचा झटक्याचा. दोरे नेमसिंगच्याच मशीनवरचे. त्याच गोणीत पावडरच्या डब्यांची झाकणं होती, सलाईनची नळी होती, मान वाकवलेला चमचा होता. आणि सगळ्यात खाली घडी घालून ठेवलेली याडीच्या अंगाखालची एक गोधडी. याडी गेली त्या दिवशी ती धुऊन वाळत घातलेली असणार, म्हणून तांड्याबाहेर गेली नाही. नंतर नीलाबाईला टाकवली नसेल. सगळ्यात मऊ तीच होती.

नेमसिंग माळ्यावर तसाच बसून राहिला. मग त्याला रडू आलं. खाली नीलाबाई विचारत होती, "वर कोन हाय?"

तिथंच त्याच्या डोक्यात आलं, की बोलता येत नसेल तर शिवता तरी येतं. आपल्या बायका नवरीसाठी आरशांचं कापड भरतात, घरातल्या मोठ्या मानाच्या बाईला देतात. हिला असं कापड कुणी दिलं? पाकिटांचा चंदेरी कागद आरशासारखाच चमकतो. त्याच्या टिकल्या करायच्या आणि ह्या गोधडीवर भरायच्या. वर्षाची एक ओळ, आठवड्याची एक टिकली, अशा सात ओळी. कधीकाळी हिनं आरसे उसवले म्हणून आपण बोललो होतो. ते आरसे आता हिच्या नावानं परत लावू. हिनं बघावं आणि एकदा कळावं, की ह्या माणसानं उशिरा का होईना पाहिलं. एवढंच त्याला हवं होतं, आणि तेही हिची एखादी सकाळ शिल्लक आहे तोवर.

मिना पंधरा दिवसांनी आली, तिनं गोधडी बघितली आणि दोन पावलं मागं सरकली.

"बा, हे म्हातारीखालचं हाय! मेल्या मानसाचं अंथरून घरात ठेवत नसतेत. टाकून या."

"धुतेलं हाय."

"धुतलं म्हनून काय झालं? दुसरं कापड काहून न्हाई घेत? तुमी शिंपी हाव, कापडाला काय तोटा?"

"ह्याच्यावर तिचा हात फिरला हाय," नेमसिंग म्हणाला. मिनाला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पोरगी बराबर होती. पण माणूस एकदा चांगलं काही करायला निघाला की त्याला कुणाचं ऐकू येत नाही.

आरशाच्या कडेनं गोल फिरणारा टाका हे बायकांचं काम. मशीनवर तो येत नाही, आणि नेमसिंगला हातानं घालता येत नव्हता. तो कुणाकडून शिकला सांगू? नीलाबाईकडूनच. त्यानं तिच्या हातात सुई-दोरा, एक चिंधी आणि एक टिकली दिली. आज वार कोणता हे न सांगता येणारी बाई, पण बोटांनी टिकली दाबली, सुई चारी बाजूंनी आडवी-उभी फिरवली आणि टाका गोल धावायला लागला. नेमसिंग वाकून बघत राहिला. तिनं टिकली पुरी केली, चिंधी उलटी करून मागची बाजू बोटानं चाचपली आणि परत दिली. ते मागची बाजू चाचपणं त्यानं पाहिलं, पण त्यातून काही घेतलं नाही. गोधडी तिला दाखवायची नव्हती, म्हणून तिला चिंध्या द्यायचा आणि आपण मशीनच्या आडोशाला गोधडी भरत बसायचा.

साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा गोल कापायचा, त्यावर चंदेरी कागद ताणून बसवायचा. पाकिटांचे काठ धारदार, बोटं कापायची. सलाईनची नळी कापून तिचे मणी केले आणि कवड्यांच्या जागी काठाला लावले. मधोमध तो वाकलेला चमचा शिवला. दिवाळी गेली, थंडी गेली. पाचव्या ओळीला नीलाबाईच्या सकाळी कमी व्हायला लागल्या. आधी रोज "मिनाचे बा" म्हणायची, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. नेमसिंग गिऱ्हाइकांची कामं मागं टाकून टिकल्या भरायला लागला. एक टिकली पुरी झाली की तो नीलाबाईकडं बघायचा, अजून आहे ना, अशा नजरेनं.

तांड्याची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका दिपा, एकदा नीलाबाईच्या गोळ्यांची चौकशी करायला आली, तिनं गोधडी बघितली आणि हरखून गेली. मोबाइलमध्ये चार फोटो काढले. दोन दिवसांनी परत आली, म्हणाली, "काका, आठ मार्चला सेनगावला बचत गटाच्या बायांचा कार्यक्रम हाय. हे तिथं मधोमध टांगायचं. मी सगळ्यांला सांगितलं."

"आधी ती पाहील," नेमसिंग म्हणाला. "मंग कुठंबी न्या."

सात तारखेला शेवटची टिकली लागली. आठ तारखेला सकाळी नीलाबाई उठली, चुलीपाशी आली, त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मिनाचे बा, चहा घेतला का?"

नेमसिंगनं हातातला कप खाली ठेवला. अकरा दिवसांनी तिनं अशी हाक मारली होती. तो घाईघाईनं उठला, दार सताड उघडलं, खाट उजेडात ओढली आणि गोधडी पसरली. ऊन टिकल्यांवर पडलं आणि समोरची भिंत ठिपक्यांनी भरून गेली. याडी उन्हातून चालत यायची तेव्हा व्हायची, तशीच. नेमसिंग बाजूला उभा राहिला, हात पुसत, पहिल्यांदा कपडा शिवलेल्या पोरासारखा.

"नीला, इकडं ये. हे पाह्य."

नीलाबाई आली. भिंतीकडं तिनं बघितलंच नाही. टिकल्यांकडंही नाही. ती खाटेशी वाकली आणि जिथं टिकल्या नव्हत्या त्या काठावर तळहात पालथा ठेवला. मग ते कापड अंगठ्यानं चोळलं. तिचा चेहरा बदलला. कितीतरी महिन्यांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर येऊन बसल्यासारखं झालं, आणि नेमसिंगला वाटलं, कळलं हिला. देवा, कळलं!

"ही इथं काहून?" नीलाबाई म्हणाली. "याडी कशावर हाय मंग?"

नेमसिंगनं टिकल्यांकडं बोट केलं.

"सकाळधरून तिची कड बदलली न्हाई मी! कसं इसरलं? हेच राहिलं होतं. हेच काम राहिलं होतं, मी म्हनत होते." ती घाबरून घरभर बघायला लागली. "कुठं हाय ती? वल्यात पडली असंल. कुठं निजवलं तिला?"

त्याला सांगता आलं असतं, याडी जाऊन पाच वर्षं झाली म्हणून. पण मागं एकदा तिचा भाऊ कधीच वारल्याचं असंच सांगितलं होतं, तेव्हा तिनं आजच मेल्यासारखा हंबरडा फोडला होता. पुन्हा ते नको. तो म्हणाला, "निजली हाय. मी बदलली कड."

"तुमी?" तिनं त्याच्याकडं बघितलं. पदर पुढं ओढला. सकाळ संपली होती. "तुमी कोन, भाऊ?"

एवढ्यात तिचा हात टिकल्यांवरून फिरला आणि एका काठानं बोट कापलं. तिनं बोट तोंडात घातलं, गोधडी उलटी केली, सुलटी केली, आणि संतापली.

"हे कुनी लावलं ह्याच्यावर? अक्कल न्हाई का? म्हातारीची कातडी कागदावानी झाली हाय. रुतंल की तिला!"

"नीला, थांब. हे तुह्यासाठी केलं. ही पाकिटं तूच ठेवली होती, हा चमचा..."

"माह्यासाठी कशाला? मी कुठं पडून हाय?"

ती खाटेच्या कडेला बसली आणि नखांनी टाका ओढायला लागली. टाका पक्का होता, तिचाच होता. नखं तुटायला आली तरी ती थांबेना. नेमसिंगनं गोधडी ओढून घ्यायला हात पुढं केला, आणि तिनं ती अशी उराशी धरली की त्याचा हात आपोआप मागं आला. बाईला मोकळं करायला निघाला होता शहाणा, आणि पुन्हा त्याच खाटेला बांधून बसला. मिनानं सांगितलं होतं. नीलाबाईनं स्वतः सांगितलं होतं, फार वर्षांपूर्वी, ह्याच घरात. आरसे बघायला असतात. त्यानं तेव्हाही फक्त आवाजच ऐकला होता.

नखातून रक्त आलेलं त्याला बघवेना. तो उठला, मशीनवरची दोरे कापायची छोटी कातर घेतली आणि गोधडीच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या ओळीशी बसला. कालच लावलेली टिकली आधी काढली. कापडाला धक्का न लावता दोरा कसा कापायचा, हे त्याला येत होतं. नीलाबाईनं थोडा वेळ संशयानं बघितलं, मग तिचा हात जरा सावकाश झाला. दोघं उसवत बसले. मधे टिकल्यांचा ढीग वाढत गेला, आणि भिंतीवरचे ठिपके एकेक करून विझत गेले.

अकराच्या सुमाराला कडीला हात लागून घुंगरू वाजलं. दिपा दारात उभी होती, हातात गोधडी न्यायची पिशवी. तिनं आतलं बघितलं. पिशवीची घडी केली आणि आली तशी परत गेली.

"हात हलका हाय तुमचा, भाऊ," बऱ्याच वेळानं नीलाबाई म्हणाली. आता तिचा राग गेला होता. "तुमच्या घरी बी हाय का कोनी पडून?"

नेमसिंगनं कातर थांबवली. "व्हय."

"कोन?"

"माही बायको."

नीलाबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी खरीखुरी माया दाटून आली, परक्या माणसाविषयी येते तशी.

"मंग तुमाला लई तकलीफ हाय," ती म्हणाली. "बाईमानूस पडलं की करायला कोनी नसते. तुमी करता का तिचं?"

"येत न्हाई नीट. पर करतो."

"येतंय. करत राह्यलं की येतंय." तिनं उसवलेली जागा तळहातानं चाचपली, कुठं दोऱ्याची गाठ राहिली का ते पाहिलं, आणि गोधडी त्याच्याकडं सरकवली. "रोज पाठ पाहत जा तिची. समोरून मानूस चांगलं दिसते, पाठीकडून बिघडते. पाहाल ना?"

"पाहीन," नेमसिंग म्हणाला, आणि पुढच्या टिकलीचा दोरा कापला.